शंभर डॉलरची बर्बन

लॉरेन्सबर्ग नावाची दोन गावं आहेत, आणि बर्बनवर चार पैसे जास्त खर्च करायचे असतील तर दोन्ही माहीत असावीत. एक इंडियाना राज्यात, ओहायो नदीच्या काठी, सिनसिनाटीपासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर. दुसरं केंटकीत. पहिल्या गावात गाळलेली व्हिस्की अमेरिकेतल्या कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत भरून विकली जाते. दुसऱ्या गावाच्या आसपास वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस या जुन्या भट्ट्या आहेत, आणि त्या स्वतःचा माल स्वतःच्या नावाने विकतात.

माझ्या मामांची पंचाहत्तरी जवळ आली होती. मामा पुण्यात असतात. संध्याकाळी एक पेग, तोही मोजून, ही त्यांची कित्येक वर्षांची रीत. सिनसिनाटीत राहणारा मामेभाऊ मला म्हणाला, "दादा, बाबांसाठी बर्बन घेऊन जा. शंभर डॉलरपर्यंत गेली तरी चालेल, पण पैसे सार्थकी लागले पाहिजेत." तो स्वतः पीत नाही, त्यामुळे गाडी त्याच्याकडे आली. भट्ट्या बघायला निघणाऱ्या प्रत्येकाबरोबर असा एक माणूस हवाच. तिथले रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, आणि चव घेऊन गाडी चालवण्याचा विचारही कुणी करू नये.

शंभर डॉलर हा आकडा मला महत्त्वाचा वाटला. केंटकीतल्या दुकानात पंचवीस-तीस डॉलरला खरोखर चांगली बर्बन मिळते. मग वरच्या सत्तर डॉलरमध्ये नेमकं काय विकत मिळतं? या प्रवासात मी तेच शोधत होतो.

आधी इंडियानातल्या लॉरेन्सबर्गला गेलो. लाल विटांच्या जुन्या उंच इमारती आणि हवेत शिजलेल्या, आंबलेल्या धान्याचा ओलसर वास. १८४७ पासून या जागी मद्य गाळलं जातंय. दारूबंदी उठली त्या १९३३ सालात कॅनडाच्या सीग्रॅम कंपनीने ही भट्टी घेतली. आज ती एमजीपी या कंपनीकडे आहे आणि रॉस अँड स्क्विब या नावाने चालते. नवा ब्रँड काढणाऱ्याची अडचण अशी, की आज भट्टी लावली तर चांगली व्हिस्की हाती यायला निदान चार-सहा वर्षं जातात. तोवर विकायचं काय? मग तो इथून तयार पिंपं विकत घेतो आणि आपलं लेबल लावतो. माल उत्तम असतो. इथली ३६ टक्के राय हे धान्य घातलेली बर्बन तर मला फार आवडते. दालचिनी आणि लवंगेचा तिखटपणा तिच्यात स्वच्छ उतरतो.

माझी तक्रार किमतीबद्दल आहे. हीच व्हिस्की एका बाटलीत पन्नास डॉलरला असते, आणि दुसऱ्या बाटलीत, जाड काच, जड बूच आणि पणजोबांच्या हरवलेल्या पाककृतीची गोष्ट जोडून, एकशेवीसला. सुदैवाने अमेरिकेचा कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. बाटली भरणाऱ्याचा पत्ता एका राज्यातला आणि गाळप दुसऱ्या राज्यातलं असेल, तर गाळपाचं राज्य लेबलवर छापावं लागतं. समोर केंटकीच्या टेकड्यांचं चित्र असलं तरी मागे, बारीक अक्षरात, ‘डिस्टिल्ड इन इंडियाना’ सापडतं. दुकानात बाटली उचलली की मी आधी ती उलटी फिरवून मागची बाजू वाचतो.

ओहायो नदी ओलांडली की केंटकी. बर्बन अमेरिकेत कुठेही बनवता येते, पण तिचा फार मोठा हिस्सा याच राज्यातून येतो, आणि इथल्या गोदामांत मुरत पडलेल्या पिंपांची संख्या राज्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. जमिनीखाली चुनखडीचा दगड. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह राहत नाही, आणि लोहाने व्हिस्कीचा रंग-चव बिघडते. उन्हाळे तापणारे, हिवाळे गोठवणारे. उन्हाळ्यात मद्य फुगून पिंपाच्या लाकडात शिरतं, थंडीत आक्रसून बाहेर येतं. येताना लाकडातली साखर, व्हॅनिलाचा वास आणि रंग घेऊन येतं.

कायदा मोजक्या ओळींचा, पण कडक आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका. गाळताना तीव्रता ८० टक्क्यांच्या वर न्यायची नाही, म्हणजे धान्याची चव टिकते. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नाही. पिंप ओकचं, आतून जाळलेलं आणि कोरं करकरीत. बाटलीत निदान ४० टक्के. पाण्याखेरीज काहीही मिसळायचं नाही, रंगही नाही. ‘स्ट्रेट’ लिहायचं असेल तर निदान दोन वर्षं मुरवलेली हवी, आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापलंच पाहिजे. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने बर्बनला त्या देशाचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. या नियमांमुळे स्वस्त बर्बनही बऱ्यापैकी असते, आणि म्हणूनच महागीचं समर्थन अवघड होतं.

कोऱ्या पिंपाच्या अटीचा आपल्याशीही संबंध आहे. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून अशी पिंपं जगभर जातात. स्कॉटलंडला तर जातातच, पण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट मुरते तीही अमेरिकेतून आलेल्या बर्बनच्या पिंपांत. त्या व्हिस्कीतला व्हॅनिलाचा गोडवा ज्यांना आवडतो, त्यांची जीभ बर्बनला आधीच ओळखते.

फ्रँकफर्ट ही केंटकीची राजधानी, पण आकाराने तालुक्याच्या गावाएवढी. नदीकाठी बफेलो ट्रेसची भट्टी. सकाळी दुकान उघडायच्या आधीच बाहेर रांग होती. लोक गाडीत झोपून आले होते, खुर्च्या घेऊन आले होते. त्या दिवशी विक्रीला काय येणार, ब्लँटन्स की ईगल रेअर की वेलर, यावर रांगेत चर्चा. ओळखपत्र स्कॅन करून माणशी एकच बाटली मिळते आणि मग काही काळ तीच बाटली पुन्हा घेता येत नाही.

ब्लँटन्सची हकीकत सांगितली पाहिजे, कारण महाग बर्बनची कल्पनाच तिच्यापासून रुजली. १९८४ साल. अमेरिकेत तेव्हा लोक व्होडकाकडे वळले होते आणि बर्बन म्हाताऱ्यांचं पेय समजलं जात होतं. इथले एल्मर टी. ली यांनी चांगली पिंपं निवडून, एका पिंपातली व्हिस्की दुसऱ्यात न मिसळता बाटल्यांत भरली आणि पूर्वीचे व्यवस्थापक अल्बर्ट ब्लँटन यांचं नाव तिला दिलं. एका पिंपाची अशी बर्बन बाजारात आणणारी ही पहिली बाटली. बुचावर घोडा आणि जॉकी. घोड्याच्या दौडीचे आठ टप्पे, प्रत्येकावर नावातलं एक अक्षर. लोक आठही जमवतात.

चव घेतली. ४६.५ टक्के, संत्र्याची साल, मध, जायफळ. गोल आणि सभ्य. भट्टीवर यादीच्या किमतीला, म्हणजे सत्तर डॉलरच्या आसपास, मिळाली तर जरूर घ्यावी. पण बाहेरच्या दुकानांत तीच बाटली दुपटीने आणि त्याहूनही जास्त दराने उभी असते. वय लेबलवर नाही, तीव्रता मध्यम. दुपटीचे पैसे घोड्याचे आणि रांगेचे आहेत, हे माझं ठाम मत आहे.

पॅपी व्हॅन विंकलची गोष्ट याचंच टोक. ज्या स्टिट्झेल-वेलर भट्टीने तिला नाव मिळवून दिलं ती १९३५ साली उघडली आणि १९९२ साली बंद पडली. २००२ पासून व्हॅन विंकल घराण्याची व्हिस्की बफेलो ट्रेसमध्येच बनते. राय ऐवजी गहू घातलेली, म्हणून मऊ. यादीतली किंमत काही शे डॉलर, बाजारातली काही हजार. २०१३ साली इथून तिच्या दोनशेहून जास्त बाटल्या चोरीला गेल्याचं उघड झालं तेव्हा देशभर बातम्या झाल्या. वेलर ही बर्बन त्याच गव्हाच्या पाककृतीची. हे लोकांना कळलं आणि तीही महागली. गव्हाची मऊ बर्बन हवी असेल तर रांगेत उभं राहायची गरज नाही. लोरेटोची मेकर्स मार्क गव्हाचीच, आणि तिची पाणी न घातलेली, पिंपातल्या तीव्रतेची बाटली पन्नास डॉलरच्या आत-बाहेर सहज मिळते. लोरेटोला आम्ही नंतर गेलो. हिरवीगार जागा, लाल झडपांची काळी लाकडी घरं, आणि दुकानात स्वतःच्या हाताने बाटलीचं तोंड लाल मेणात बुडवायची सोय. भाऊ त्यावर फार खूश झाला.

दुसरं लॉरेन्सबर्ग, केंटकीतलं, मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात जवळचं वाटलं. वाइल्ड टर्की नदीच्या वरच्या कड्यावर आहे. खाली खोल दरीतून हिरवट पाणी, वर जुना लोखंडी रेल्वे पूल. जिमी रसेल १९५४ साली इथे कामाला लागले. त्यांचा मुलगा एडी १९८१ साली आला. बर्बनच्या पडत्या काळात, जेव्हा इतरांनी चव सौम्य केली, तेव्हाही जिमींनी ५०.५ टक्क्यांची, १०१ प्रूफची आपली बाटली बदलली नाही. (प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, एवढाच त्याचा अर्थ.)

इथे मला किमतीमागचं एक खरं कारण नीट समजलं. कायदा ६२.५ टक्क्यांपर्यंत पिंप भरू देतो. वाइल्ड टर्की ५७.५ वर भरते, मेकर्स मार्क ५५ वर. कमी तीव्रतेने भरायचं तर तेवढ्याच मद्याला पिंपं जास्त लागतात, गोदामात जागा जास्त लागते. बदल्यात लाकडातल्या ज्या गोष्टी पाण्यात विरघळतात त्या जास्त उतरतात, आणि बाटली भरताना पाणी कमी घालावं लागतं, म्हणून चव दाट राहते. जास्त तीव्रतेने भरून शेवटी ४० टक्क्यांपर्यंत पाणी घालणं हा स्वस्त मार्ग. असा खर्च कुणी केला असेल तर त्याचे पैसे द्यायला मला आनंदच वाटतो.

तीव्रतेचा हिशेब घरी करून बघण्यासारखा आहे. ६० टक्क्यांच्या ७५० मिलीमध्ये पाणी घालून ती ४० टक्क्यांवर आणली तर ११२५ मिली होते. म्हणजे ७५ डॉलरची पिंपाच्या तीव्रतेची बाटली प्रत्यक्षात दीड बाटली आहे; ४० टक्क्यांच्या मापाने ती पन्नास डॉलरची झाली. वर पाणी किती घालायचं हे कंपनी ठरवत नाही, पिणारा ठरवतो. ४० टक्क्यांची बाटली शंभर डॉलरला विकणाऱ्याकडे याला उत्तर नसतं.

वाइल्ड टर्कीच्या चव-खोलीत खाली दरी बघत चार ग्लास समोर आले. रेअर ब्रीड, पाणी न घातलेली, ५८.४ टक्के, पन्नास-साठ डॉलरची. आणि रसेल्स रिझर्व्हची एका पिंपाची, ५५ टक्के, सत्तरच्या आसपास. ही दुसरी थंड करून गाळलेली नसते. थंडीत व्हिस्की धुरकट होऊ नये म्हणून बरेच जण ती गार करून गाळतात, त्यात थोडी स्निग्धता जाते. रसेल्समध्ये ती राहते, आणि घोट जिभेवर रेंगाळतो. करपलेली साखर, चेरी, तंबाखूचं पान, शेवटी मिऱ्याची चुणूक. छातीत उतरताना जी ऊब येते तिला तिथले लोक केंटकीची मिठी म्हणतात.

फोर रोझेस त्याच गावाजवळ, पिवळसर भिंतींची, कमानींची, स्पॅनिश धाटणीची इमारत. सीग्रॅमच्या काळात अमेरिकेत या नावाने मिश्र व्हिस्की विकली जाई आणि खरी बर्बन परदेशी जाई. २००२ साली जपानच्या किरिन कंपनीने भट्टी घेतल्यावर ती घरी परतली. धान्याची दोन प्रमाणं, एकात २० टक्के राय, दुसऱ्यात ३५. आणि यीस्टच्या पाच जाती. दोन गुणिले पाच, दहा पाककृती. प्रत्येकीला चार अक्षरांचं नाव. नेहमीच्या सिंगल बॅरल बाटलीतली ओबीएसव्ही, म्हणजे जास्त राय आणि फळांचा नाजूक वास देणारं यीस्ट. गोदामं एकमजली आहेत, म्हणजे सगळी पिंपं जवळपास सारख्या तापमानात मुरतात आणि फरक पाककृतीचाच कळतो. दुकानांसाठी निवडलेल्या पिंपांच्या बाटलीवर पाककृती, वय, गोदाम, पिंपाचा क्रमांक, तीव्रता, सगळं लिहिलेलं असतं. ऐंशी-नव्वद डॉलरला एवढी माहिती आणि एवढी चव मिळत असेल तर ती रक्कम मला जास्त वाटत नाही.

बार्ड्सटाउनकडे जाताना रस्त्याकडेची झाडं काळी पडलेली दिसू लागतात. खोडं, कुंपणं, फाटकांच्या पाट्या, सगळ्यावर काजळीचा थर. ही बोडोइनिया नावाची बुरशी. गोदामांतून उडून जाणाऱ्या मद्याच्या वाफेवर ती जगते. शेजारच्या घरांना तिचा त्रास होतो आणि त्यावरून तंटेही झाले आहेत. बर्बन महाग का होते, हे या काळ्या झाडांवर दिसतं. दर वर्षी पिंपातलं तीन ते पाच टक्के मद्य हवेत जातं. सुरुवातीला २०० लिटर भरलेलं पिंप बारा वर्षांनी निम्म्याच्या आसपास येतं. वर मुरत्या पिंपांवर राज्याचा दरवर्षीचा मालमत्ता कर. तो २०४३ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवायचा कायदा अलीकडेच झाला आहे. शिवाय आग. ७ नोव्हेंबर १९९६ ला इथल्या हेवन हिलच्या गोदामांत आग लागली आणि वाऱ्याने पसरली. नव्वद हजारांहून जास्त पिंपं जळाली, भट्टीही गेली. कंपनीने १९९९ साली लुईव्हिलमधली बर्नहाइम भट्टी घेतली आणि कित्येक वर्षं गाळप तिथे, मुरवण इथे असा कारभार चालवला. बार्ड्सटाउनमध्ये नवी भट्टी २०२५ साली उभी राहिली.

म्हणून लेबलवरच्या वयाला मी मान देतो. छापलेला आकडा त्या बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. बारा म्हणजे त्यात बारा वर्षांखालचा एक थेंबही नाही. पण वयाच्या मागे किती धावायचं यालाही मर्यादा आहे. स्कॉटलंडच्या थंड हवेत आणि जुन्या पिंपात व्हिस्की पंचवीस वर्षं सुखाने मुरते. केंटकीत पिंप कोरं, आतून जाळलेलं, आणि उन्हाळा तापलेला. बहुमजली गोदामाच्या वरच्या मजल्यावर पंधरा वर्षांनंतर व्हिस्की लाकूड पिऊ लागते. आवळ्याच्या सुपारीसारखी तोंड ओढते, गोडवा मागे पडतो. वीस वर्षांच्या बाटल्या खालच्या, गार मजल्यांवरून मोठ्या जपणुकीने निवडतात, आणि तरीही त्यातल्या काहींत मला भुश्शाचीच चव लागली. आठ ते बारा वर्षं, फार तर पंधरा, हा बर्बनचा बहराचा काळ. त्यापुढच्या वयाला भरपूर पैसे देण्याआधी एक घोट घेऊन बघावाच.

‘बॉटल्ड इन बाँड’ हे शब्दही याच गावात मनावर ठसले. १८९७ चा कायदा. त्या काळी व्यापारी व्हिस्कीत तंबाखूचा अर्कसुद्धा मिसळत. कर्नल ई. एच. टेलर यांनी आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांनी पुढाकार घेऊन नियम आणला: एकाच भट्टीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्क्यांची. सव्वाशे वर्षांनंतरही हे शब्द पैशाला जागतात, आणि अशा बाटल्या बहुधा स्वस्तच असतात. उलट ‘स्मॉल बॅच’ या शब्दांना कायद्यात काहीच अर्थ नाही. दोन पिंपं मिसळली तरी स्मॉल बॅच, दोनशे मिसळली तरी तेच.

शेवटचा मुक्काम लुईव्हिल. मेन स्ट्रीटवर लोखंडी दर्शनी भागांच्या जुन्या इमारती रांगेत आहेत. दारूबंदीच्या आधी इथे व्हिस्की-व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. ओल्ड फॉरेस्टर, मिक्टर्स, एव्हन विल्यम्स, सगळ्यांनी आता पुन्हा इथे दारं उघडली आहेत. जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी १८७० साली ओल्ड फॉरेस्टर फक्त बंद बाटलीत विकायला सुरुवात केली, त्याआधी दुकानदार पिंपातून ओतून देई आणि वाटेत काय मिसळलं जाई याचा भरवसा नसे. त्यांची ‘१९२०’ नावाची ५७.५ टक्क्यांची बाटली साठ डॉलरला मिळते. पिकलेलं केळं, कोको, चेरी. साठ डॉलरमध्ये याहून जास्त चव मागणं अवघड आहे.

शहरातल्या चांगल्या बारमध्ये अर्ध्या औंसाचा, म्हणजे पंधरा मिलीचा, घोट मिळतो. महाग बाटली घेण्याआधी ही सोय वापरणं मला सक्तीचं वाटतं. शे-दीडशे डॉलरची बाटली आंधळेपणाने घेण्यापेक्षा सात-आठ डॉलरचा घोट शहाणपणाचा. एका संध्याकाळी मी आणि बारवाल्याने मिळून क्रम ठरवला: कमी तीव्रतेपासून जास्तीकडे, मध्ये पाणी आणि कोरा पाव. नॉब क्रीकची बारा वर्षांची, ५० टक्के, मग रसेल्स, मग १९२०, शेवटी एलाइजा क्रेग बॅरल प्रूफ, म्हणजे पिंपातल्याच तीव्रतेची. मध्ये कुठेतरी पणजोबांच्या गोष्टीची एक इंडियानाची बाटलीही आली. वाईट नव्हती. रसेल्सच्या पुढे मात्र ती पातळ वाटली, आणि किंमत तिचीच सगळ्यात जास्त होती.

बाजार सध्या ग्राहकाच्या बाजूने झुकतोय हेही त्या बारमध्ये जाणवलं. भरभराटीच्या काळात सगळ्यांनी पिंपं भरभरून ठेवली, आणि आता मागणी मंदावली. जिम बीमसारख्या मोठ्या नावाने २०२५ च्या अखेरीस जाहीर केलं, की क्लेरमाँटची मुख्य भट्टी २०२६ मध्ये बंद ठेवणार. पूर्वी फळीवर न टिकणाऱ्या बाटल्या आता धूळ खात दिसतात. तिथे काम करणाऱ्यांसाठी ही काळजीची वेळ आहे. पण ‘आत्ता घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही’ म्हणून घाई करणाऱ्या विक्रेत्याचं ऐकायचं कारण उरलेलं नाही.

मामांसाठी एलाइजा क्रेग बॅरल प्रूफ घेतली. ही हेवन हिलची. वर्षातून तीनदा येते, आणि लेबलवर एक अक्षर आणि तीन आकडे असतात. अक्षर त्या वर्षातली कितवी खेप ते सांगतं, पुढे महिना आणि वर्ष. वय छापलेलं, तीव्रता दशांशापर्यंत छापलेली, भट्टीवाल्याचं नाव छापलेलं. ज्या-ज्या गोष्टींसाठी जास्त पैसे द्यावेत असं या प्रवासात वाटलं त्या सगळ्या तिथे वाचता येतात. पंच्याहत्तर डॉलर. उरलेल्या पंचवीसमध्ये भाऊ म्हणाला, "दादा, ती दरीवरची १०१ पण घे. बाबांना दोन्ही शेजारी ठेवून बघू देत." घेतली. दोन बाटल्या मिळून दीड लिटर. भारतात शिरताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं, तरी वर राज्याचे कर आहेतच, म्हणून पुण्या-मुंबईच्या दुकानापेक्षा अशी आणलेली बाटली अजूनही बरीच स्वस्त पडते. विमानात ७० टक्क्यांहून तीव्र मद्य चालत नाही; बॅरल प्रूफ घेताना हा आकडा बघून घ्यावा. काही खेपा त्याच्या जवळ जातात.

मामांना कागदावर लिहून दिलं ते असं. बाटली उभीच ठेवायची, आडवी नाही. एवढं तीव्र मद्य बुचाला लागून राहिलं तर बूच कुजतं. ऊन लागू द्यायचं नाही. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, त्यामुळे पुढच्या वाढदिवसासाठी जपून ठेवण्यात फायदा नाही. पेला भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं. पहिला घोट अगदी लहान, कोरा. मग चमचाभर साधं पाणी, पुन्हा घोट, पुन्हा चमचा. नेहमीचा पेग साठ मिलीचा असेल तर हिचा चाळीसच घ्यायचा, कारण मद्य दोन्हींत सारखंच आहे. बर्फ घालायचा असेल तर १०१ मध्ये.